आधी खिळे

आमगावात माझ्या किराणा दुकानासमोर एका मिस्त्रींचं लाकूडकामाचं शेड आहे. रस्ता रुंद करताना तोडलेली, वादळात पडलेली झाडं ते उचलून आणतात आणि रविवारी गावातल्या कोणालाही काम शिकवतात. शिकवणी मात्र खिळ्यांपासून सुरू होते. रस्त्याकडेच्या खोडांत जाहिरातींचे खिळे रुतलेले असतात आणि करवतीचे दात त्यांवरच मोडतात. मिस्त्री खोडावरून तळवा फिरवतात, थांबतात आणि म्हणतात, "इथं हाये. काढा." बाकी बोलणं नाही. मला तर ती शिक्षाच वाटते. अर्धे लोक कंटाळून येणं सोडतात.

टिकलेल्यांनी गेल्या रविवारी मिस्त्रींना न सांगता आंब्याच्या फळीची देखणी पाटी केली, 'येथे लाकूडकाम शिकवले जाते', आणि शेडपुढच्या कडुनिंबावर ठोकली. मिस्त्री माझ्याकडून चहापत्ती घेऊन परतले, तेव्हा सगळे हसत उभे होते.

मिस्त्रींनी पाटी वाचली. आतून पक्कड आणली, एकेक खिळा उपसला आणि झाडाखालीच बसले.

"पाटी बेस केली," ते म्हणाले. "पन मंग मी इतके दिस काय शिकवून रायलो, बापा?"