लवूकाकांचं गरम ताट

आज सर्वपित्री. घरात म्हाळ होता. वर्षश्राद्ध झालं, म्हणून यंदा पहिल्यांदाच अण्णांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, नावाची वाडी, केळीच्या पानावर वाढलेलं जेवण, गच्चीवर कावळ्याला ठेवायची होती.

अण्णा एकाहत्तरच्या लढाईत टेलिफोनच्या तारा ओढायचे. जोडीला गावचाच लवू. एका सकाळी तार तुटली. "माझा जेवान झाकून ठेव रे, इलंयच," म्हणून लवू ती जोडायला गेला. तो आला नाही, सापडलाही नाही. दुपारी पुढे निघायचा हुकूम आला, तेव्हा झाकलेला भात अण्णांना तिथेच टाकावा लागला. पुढे बोरिवलीत बिऱ्हाड केलं, बँकेत वॉचमनची नोकरी केली, पण त्या भाताचं दुःख काही गेलं नाही. दर डिसेंबरला त्या तारखेला ते लवूकाकांचं ताट वाढायला लावत. समोर बसून राहत. निवलं की स्वतःच खात.

लग्नानंतरच्या पहिल्या म्हाळाला मी मोठ्या भक्तीने लवूकाकांचीही वाडी ठेवली. अण्णा चार जिने चढून आले, कावळे हाकलले, पान उचललं. "लवू मेलो असा तुका कोणी सांगल्यान?" मी रडले. संध्याकाळी स्वतःहून म्हणाले, "मालन, वाडी मेलेल्याक. त्याका ताटात वाढ. गरम."

आज सकाळी हे म्हणाले, "आता अण्णाच नाहीत. दोघांची वाडी एकदमच ठेव ना. सुटतील बिचारे."

"आणि काका आले तर?"

"कुठे, बोरिवलीला? पत्ता कोणी दिलाय त्यांना?"

मी वडे तळत राहिले. वर एकच पान नेलं. हात जोडायच्या आत कावळा शिवला. इच्छा उरली नसली की असा लगेच शिवतो म्हणतात. बरं वाटायला हवं होतं. पण मनात होतं, त्याने जरा अडून बसावं, लवूचं काय म्हणून विचारावं. मी शब्द दिला असता. अण्णांनी विचारलंच नाही.

खाली येऊन अण्णांच्या खुर्चीसमोर लवूकाकांचं ताट मांडलं, भात वाढला आणि त्यांच्यासारखीच बसून राहिले.

"डिसेंबरला वेळ आहे गं," हे म्हणाले.

"माहीत आहे."

हे आत गेले, काळ्या वाटाण्याचं सांबारं पुन्हा गॅसवर ठेवलं आणि उकळी आल्यावर वाटी भरून ताटात आणून ठेवली.