मागंच आहो

आधीच सांगून टाकतो, या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी हसायला वाचायचो. सकाळचा चहा, हातात अंक, आणि बायकोला ऐकू जाईल एवढ्या आवाजात टोमणे. "याला रात्रीचं जेवण पचलं नाही." "हिचा भाऊ पिऊन आला असेल." बायको म्हणायची, तुमच्यावर वेळ येईल तेव्हा समजेल. आली. आणि आता तिच्याच आग्रहावरून लिहायला बसलोय. लिहिताना पुस्तकी भाषा सांभाळतो, पण मधेमधे आमची बोली घुसेल, ते चालवून घ्या.

माझं लाखांदूरला मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, एसटी स्टँडच्या बाजूला. आवाज कुठून निघतो, कशावरून येतो, कुठं अडकतो, यावर माझं पोट चालतं. माईक गेला, स्पीकर फाटला, अँटेना तुटली... हेच दिवसभर. म्हणून ज्या गोष्टीने मला अडकवलं ती आवाजाचीच असावी, याचा मला आजही राग येतो. भीती नंतर. आधी राग.

मंगेश माझा शाळेपासूनचा मित्र. त्याच्या घरी मासेमारी. गावच्या तलावात बाप आणि तो मिळून जाळं टाकायचे. एकाने काठ धरायचा, दुसऱ्याने छातीभर पाण्यात जाऊन जाळं ओढत आणायचं. पाण्यात जाणारा मंग्या. बाप आता थकलाय. दोन वर्षं पैसा जमवून मंग्याने एक जुनी साडेतीनशे सीसीची गाडी घेतली. त्याची बायको, ज्योतीवहिनी, म्हणायची, "गाडीले नवरी करून आणली भाऊजी तुमच्या मित्रानं, मी आता सवत." आणि तीच मग फडकं घेऊन ती पुसत बसायची.

जानेवारीतली गोष्ट. बपेऱ्याच्या अलीकडे, मध्य प्रदेशच्या हद्दीजवळ, एका मोकळ्या शेतात मोटरसायकलवाल्यांचा मेळावा होता. शनिवार-रविवार. नागपूर, गोंदिया, बालाघाटकडून पोरं येणार, तंबूत राहायचं, गाड्या दाखवायच्या, शेकोटी, गाणीबिणी. आमच्यासारख्यांना कोण बोलावतंय? पण नाव नोंदवलं की कोणीही जाऊ शकत होतं. मंग्या आठवडाभर झोपला नाही.

मी दुकानातून हेल्मेटमध्ये बसवायचे इंटरकॉम आणले होते, दोनाची जोडी. एक त्याच्या हेल्मेटात, एक माझ्या. फोन लागत नाही, नेटवर्क लागत नाही, दोन यंत्रं थेट एकमेकांशी बोलतात. साधारण एक किलोमीटरच्या आत. त्याच्या बाहेर गेलं की खरखर, मग टुक असा आवाज, मग काही नाही. मीच बसवलं, मीच जोडी लावली, मीच दुकानासमोरच्या रस्त्यावर तपासलं.

आणि आमचा एक नियम ठरला. मी पुढं, मंग्या मागं. त्याची गाडी जड, माझी हलकी. खड्डा, गाय, ट्रॅक्टर मला आधी दिसणार, मी सांगणार. पुढच्याने सारखं मागं बघत बसायचं नाही, त्यानेच पडायला होतं. मागचा बोलत राहील. मागचा गप झाला की पुढच्याने थांबायचं. बस. हा नियम मंग्याचाच. म्हणाला, "सुन्या, माह्या बापाचा अन् माहा असाच हिशोब हाय ना पाण्यात. मी वरडत राह्यतो तोवर तो काठावर बिडी ओढते. मी चूप झालो का तो उडी मारते."

शनिवारी उजाडल्यावर निघालो. धुकं होतं. दोन्हीकडे धान कापून गेलेल्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, त्यात लाखोरीचं हिरवं पीक. वहिनीने वडे करून दिले होते, तो डबा माझ्या टाकीवरच्या बॅगेत. मंग्या कानात बडबडत होता. तंबू मिळेल का, आपल्या गाडीला कोणी बघेल का, नागपूरवाले हसतील का.

"हसले तं हसले बे," मी म्हटलं. "आपण बी हसू त्यायले."

साकोलीच्या अलीकडे जंगलाचा एक तुकडा लागतो. तिथं एक वळण आणि कालव्याच्या पाटचारीवरचा छोटा पूल. मी सांगितलं, "पुलावर गिट्टी हाय, हळू." तो म्हणाला, "हाव." मग थोडा वेळ काही नाही. मी रेस सोडून ब्रेकवर बोट ठेवलं, थांबणारच होतो...

"मागंच आहो," आवाज आला. "चाल तू."

मी गेलो. आरशात धुक्यात एक पिवळा दिवा दिसत होता. तो कोणाचाही असेल, हे आज म्हणतोय. तेव्हा तो मंग्या होता.

साकोली गेलं. धुकं उठलं. मी बोलत होतो, तो उत्तर देत होता. आता आठवलं की कळतं, तो स्वतःहून काही काढत नव्हता. मी म्हणायचो, रस्ता चांगला केला बे. तो म्हणायचा, चांगला केला. मी म्हणायचो, भूक लागली. तो म्हणाला, "वडे हायेत ना तुह्यापाशी. तुटले नसतीन." वड्यांचं त्यालाच माहीत होतं. मला संशय यावा तरी कशाचा?

तुमसरला मी टपरीवर थांबलो. म्हटलं चहा घेऊ. कानात आवाज आला, "पेट्रोल भरून राहिलो. तू घे. मग निघ, मी मागंच आहो." मी घेतला, पैसे दिले, निघालो. मनाला जराही शंका शिवली नाही, कारण माझं डोकं मला एकच सांगत होतं: आवाज येतो म्हणजे माणूस एक किलोमीटरच्या आत आहे. हे यंत्र खोटं बोलू शकत नाही. एखाद्या अडाण्याने मागं वळून पाहिलं असतं. मी मोबाईलवाला, मला माहीत होतं ना...

एक गोष्ट मात्र खटकली होती, ती लिहितो. गाडीवरून बोललं की माईकमध्ये वारा घुसतो. बोलण्याच्या मागं सारखं सूं-सूं चालू राहतं, कितीही महागडं यंत्र घ्या. साकोलीनंतर मंग्याच्या आवाजात वारा नव्हता. घरात बसून बोलावं तसा कोरडा आवाज. मला वाटलं, वा, चांगली क्वालिटी आहे, अजून दोन जोड्या मागवू.

बपेऱ्याला पोचलो. शेतात झेंडे लागलेले, गाड्यांची रांग, कोणीतरी माईकवर गाणं लावलेलं. मी गाडी लावली आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो.

"कुठं हायेस?"

"आलोच."

उभा राहिलो. गाड्या येत होत्या, त्यात तो नाही. पुन्हा विचारलं. "आलोच, मागंच आहो." हेल्मेट काढून हँडलला अडकवलं, म्हटलं गेटपर्यंत चालत जाऊन बघतो. गेटावर कोणी नाही. फोन लावला. रिंग जात होती, तो उचलत नव्हता. परत आलो तर बालाघाटहून आलेला एक दाढीवाला रायडर माझ्या गाडीपाशी उभा. म्हणाला, "भाई, आपके हेलमेट में कोई बोल रहा है, बहुत देर से."

तेवढ्यात माझा फोन वाजला. ज्योतीवहिनी.

"भाऊजी, तुम्ही कुठं हा? अहो, हे पडले म्हणते साकोलीच्या अलीकडं... कोण्या शेळ्यावाल्या बुढ्याले दिसले. पाटचारीत. पाय गाडीखाली होता... आता भंडाऱ्याले नेऊन राहिले. तुम्ही सोबतच होते ना? तुम्ही कुठं हा?"

एका हातात फोन, त्यात वहिनी रडतेय. आणि हँडलला लटकलेल्या हेल्मेटातून, बारीक पण स्पष्ट...

"आलोच बे सुन्या. मागंच आहो."

त्या दाढीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. त्यानेही ऐकलं. त्याचं नाव मी विचारलं नाही, याची आज हळहळ वाटते, कारण साक्षीदार म्हणून माझ्याकडे तेवढा एकच माणूस आहे. मी इंटरकॉमचं बटण दाबून बंद केलं. मग ते ओरबाडून काढलं आणि बॅगेत कोंबलं. हेल्मेट न घालता भंडाऱ्यापर्यंत गाडी चालवली. कानात काही घालायची माझ्यात हिंमत नव्हती.

मंग्या पुलावरच्या गिट्टीवरच घसरला होता. म्हणजे माझ्या "हळू"नंतर, त्याच्या "हाव"नंतर. जो मधे थोडा वेळ शांत गेला, तेव्हा तो पाटचारीत होता. आणि त्यानंतर मी साकोली, तुमसर, बपेरा करत होतो, त्याच्याशी गप्पा मारत.

भंडाऱ्याहून नागपूरला नेलं. गाडीच्या वजनाखाली पायाचा रक्तपुरवठा फार वेळ तुटला होता. डॉक्टरांनी गुडघ्याखाली पाय काढला. मला बाजूला घेऊन म्हणाले, जरा आधी आणलं असतं तर वाचवता आला असता. रागावून नाही, सहज म्हणाले. ते वाक्य मी वहिनीला सांगितलं नाही. पण तिला दुसऱ्या कोणीतरी सांगितलं असणार, कारण वॉर्डाबाहेर ती मला म्हणाली, "भाऊजी, एकडाव... एकडाव मागं पाह्यलं असतं तं." तिने ओरडायला पाहिजे होतं. मला बरं वाटलं असतं.

तिला काय सांगू, तुझा नवरा माझ्याशी बोलत होता म्हणून?

मंग्या नीट बोलायला लागला तेव्हा मी ठरवून गेलो की आज त्याला सगळं सांगायचं. पण त्यानेच आधी विचारलं. चिडून नाही, अगदी हळू.

"सुन्या, तू काहून नाही आला बे?"

"मले माहीतच नव्हतं..."

"असं कसं? तू तं बोलत होता माह्याशी."

मी स्टूल त्याच्या खाटेजवळ ओढलं.

"मी पडल्याबरोबर तुहा आवाज आला ना. 'येऊन राहिलो मंग्या, हालू नको.' मी म्हटलं पाय दबला बे. तू म्हणे, 'येऊन राहिलो.' मागून वाऱ्याचा आवाज येत होता, मले वाटलं गाडीवर हाय, वळवून येऊन राहिला."

"मग?"

"मग काय. वरून बाया चालल्या होत्या, लाखोरीची भाजी खुडायले. त्याईचं बोलणं मले ऐकू येत होतं. मी बेशरमाच्या झुडपात, त्याईले दिसत नव्हतो. मी वरडणारच होतो. तू म्हणे, 'वरडू नको, दम लागंन. मी आलोच.' मी नाही वरडलो. बाया गेल्या निंघून."

मी विचारलं, इंटरकॉम चालू होता का? तर म्हणाला, "हेल्मेट कुठं होतं डोक्यात. पट्टा तुटून तिकडं पडलं होतं, मले दिसत होतं. मले वाटलं, एवढ्या दुरून बी ऐकू येते, सुन्यानं चांगली वस्तू आणली."

ते हेल्मेट नंतर त्याच्या बापाने मला आणून दिलं. दुकानात बसून मी इंटरकॉम उघडला. बोर्ड मधोमध तुटलेला, बॅटरी जागेवरच नाही. पडताक्षणी मेलेली वस्तू. माझा उघडला, तो ठीकठाक. त्याच्या जवळपास दुसरी कुठली जोडी त्याच लाईनवर येऊ शकते का, हेही मी डोकं फुटेपर्यंत तपासलं. येऊ शकते, मान्य. पण ती वड्यांबद्दल बोलणार नाही. मला सुन्या म्हणणार नाही.

म्हणजे कोणीतरी माझ्या कानात मंग्या होऊन बोललं आणि मंग्याच्या कानात मी होऊन. मला म्हणालं, चाल. त्याला म्हणालं, थांब. दोघांनाही धीर दिला. मी तिथल्या गावात विचारलं, त्या पुलाबद्दल कोणाला काही माहीत नाही, कोणी तिथं मेलेलं नाही, कसली गोष्ट नाही. असती तर निदान कोणावर तरी दात खाता आले असते. कोण होतं, आमच्याशी त्याचं काय वैर होतं, वैर होतं की नाही... मला काहीच सांगता येत नाही. तुमच्यापैकी कोणाकडे उत्तर असेल तर सदराच्या पत्त्यावर कळवा. मी आता हसणार नाही.

मंग्याची गाडी विकली. तलावात आता म्हातारा बाप पुन्हा पाण्यात उतरतो आणि मंग्या काठावर बसून दोर धरतो. बाप ओरडत असला तरी मंग्याची नजर त्याच्यावरून हलत नाही. तोंडाने बोललेलं आता तो धरत नाही.

माझंही धरत नाही. परवा मी दुकानातून फोन केला, म्हटलं, "मंग्या, येऊन राहिलो." तिकडून काहीच नाही. फोन चालू होता, त्याचा श्वास ऐकू येत होता. मी दोनदा हाक मारली. बोलला नाही. मी गाडी काढली, त्याच्या घरी गेलो, दारात जाऊन उभा राहिलो. फोन अजून त्याच्या कानालाच होता. त्याने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, मग फोन खाली ठेवला आणि म्हणाला, "आता बोल."