आधी श्वास सोडा

विमल राणे गेली त्याला आता सात आठवडे झाले. बातमी सांगायला तिचा मुलगा संजय स्वतः मुलुंडला आमच्या घरी आला. सकाळची वेळ, मी कणीक मळत होते. "मावशी, आई गेली..." एवढंच म्हणाला आणि स्टुलावर बसला. आजार वर्षभर ठाऊक होता, तरी माझे हात परातीत तसेच राहिले. शेवटी त्यानेच उठून मला पाणी दिलं. त्या दिवशी तिच्या घाटकोपरच्या घरी जमलेल्या बायकांपैकी एकीने मला बाजूला घेऊन विचारलं, "एवढा योग, एवढा प्राणायाम करून शेवटी उपयोग काय झाला हो?" मला रागही आला आणि रडूही. उत्तर मात्र आज देते.

आम्ही दोघी टेलिफोन ऑपरेटर. उपनगरातल्या एका एक्स्चेंजमध्ये ऐंशीच्या सुमारास मी लागले तेव्हा विमल तिथे जुनी झाली होती. लोक परगावी बोलायला ट्रंक कॉल बुक करून तासन्‌तास वाट पाहायचे आणि लागला की मिनिटामिनिटाचे पैसे म्हणून घाईघाईने बोलायचे. कुणाच्या घरी लग्न, कुणाचे वडील गावी अत्यवस्थ, आणि लाइन लागत नाही याचा सगळा संताप आमच्या कानात. पाठीमागे सुपरवायझरबाईंच्या फेऱ्या, त्यामुळे उलट शब्द काढायची सोय नाही. एका दुपारी अंधेरीच्या एका गृहस्थाने मला आईवरून शिवी दिली आणि माझा श्वासच अडकला. छातीवर कुणी येऊन बसल्यासारखं झालं. हेडफोन टाकून मी बायकांच्या विश्रांतीच्या खोलीत पळाले. राजीनामा तर आठवडाभर आधीच लिहून पर्समध्ये ठेवलेला होता.

विमल मागोमाग आली. तोवर आमची नीट ओळखही नव्हती. तिने मला जमिनीवर आडवं केलं, पाय खुर्चीवर ठेवायला लावले, माझाच हात माझ्या पोटावर ठेवला. "भिया नको गो. तो काय फोनातसून भायर येवचो नाय." फोन जोडायच्या बोर्डावर तिचं मराठी, हिंदी, इंग्रजी अगदी खणखणीत, पण जीव लावून बोलताना मध्येच मालवणी यायची. मी धापा टाकत होते. ती म्हणाली, "श्वास घेऊ नको, नुसता सोड. हळूहळू... घ्यायचं काम आपोआप होतं." पाच-सात मिनिटांत छातीवरचं ओझं उतरलं. खोलीच्या छतावर पंख्याभोवती ओल धरलेली होती, ती मला तेव्हा पहिल्यांदा दिसली.

हे ती कुठे शिकली ते पुढे कळलं. नवरा अचानक गेला आणि काही महिन्यांत तिचा आवाजच बसला. बसला म्हणजे गेलाच. ऑपरेटरचा आवाज गेला की उरलं काय? डॉक्टरांनी तपासलं, घशात काही दोष नाही म्हणाले. ताण आहे, विश्रांती घ्या. त्यांनीच एका निवृत्त शिक्षकांचा पत्ता दिला. ते शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी योगाचा वर्ग घ्यायचे. साडी नेसून कोलांट्या कशा मारायच्या, या विचाराने ही आठवडाभर गेलीच नाही. गेली तेव्हा गुरुजींनी तिला खुर्चीवर बसवलं, मान सावकाश फिरवायला सांगितली, खांदे उचलून सोडायला सांगितले आणि ओठ मिटून भुंग्यासारखं गुणगुणायला लावलं. बस्स. तिचा शब्द फुटण्याआधी ती गुणगुण फुटली. चार महिन्यांनी बोर्डावर बसून तिने "नंबर प्लीज" म्हटलं, तर पलीकडचा माणूस इतका वेळ का लावला म्हणून खेकसला. "मला एवढा आनंद झाला गो," ती सांगायची, "म्हटलं, खेकस बाबा, खेकस!"

मी राजीनामा फाडला. मग आम्ही दोघींच्या चौघी झालो, चौघींच्या नऊ. मधल्या सुट्टीची पंधरा मिनिटं आम्ही त्या खोलीत पडायचो, पदर खोचून, टेबलांच्या पायांमधून वाट काढत. विमल पडूनच सावकाश आकडे मोजायची, तेवढ्या वेळात आम्ही श्वास सोडायचो. कुणाची उणीदुणी नाहीत. एकदा साहेब काही कामासाठी दाराशी आले आणि त्यांना नऊ बायका जमिनीवर डोळे मिटून पडलेल्या दिसल्या. दुसऱ्या दिवशी विमलच्या हातात मेमो. कामाच्या जागी झोपा काढता, इतरांनाही झोपायला लावता, खुलासा करा. विमलने बसून सुवाच्य अक्षरात उत्तर लिहिलं : ‘मी झोपले नव्हते. श्वास सोडत होते. सुट्टीची पंधरा मिनिटं माझी आहेत.’ सही, तारीख. मी म्हटलं, "अगं, जरा मऊ लिही ना!" तर म्हणाली, "मऊच लिहिलंय."

साहेबांनी चौकशी लावली. ते सुपरवायझरबाईंबरोबर आमच्या मागे उभे असतानाच विमलच्या बोर्डावर विक्रोळीचा एक फोन आला. मी शेजारच्या खुर्चीवर होते. एक म्हातारे गृहस्थ मलाही ऐकू येईल इतके ओरडत होते, बायको मोरीत पडली आहे, शुद्धीवर नाही, लवकर या, लवकर या! पत्ता विचारला तर पुन्हा तेच. विमलने आवाज चढवला नाही. "आजोबा, मी इथेच आहे. फोन ठेवू नका. आधी श्वास सोडा. तोंडाने, फू करून... अजून एकदा... हं. आता सांगा, तुमच्या घराखाली काय आहे?" पिठाची गिरणी, ते म्हणाले. मग गिरणीचा रस्ता आला, इमारतीचं नाव आलं, मजला आला. तिने ॲम्ब्युलन्स मिळवून दिली आणि माणसं जिना चढेपर्यंत त्यांच्याशी बोलत राहिली. त्या आजी वाचल्या. पंधरवड्याने आजोबा पेढ्यांचा पुडा घेऊन आले. नाव माहीत नव्हतं, म्हणून गेटवर त्यांनी ‘फू करायला सांगणाऱ्या बाई’ विचारल्या. वॉचमनने बरोबर विमललाच बोलावलं.

मेमो काही मागे घेतला गेला नाही, तिच्या फाइलमध्ये आजही असेल. पण त्या फोननंतर आठवड्याभरात विश्रांतीच्या खोलीतली दोन टेबलं आणि मोडकं कपाट हललं आणि आम्हा सगळ्यांना पाय पसरता येतील इतकी जागा झाली. कुणी हलवायला सांगितलं, ते साहेबांनी कधी कबूल केलं नाही.

गेल्या वर्षी विमलचं दुखणं पोटाचं निघालं, कर्करोग. योगाने बरं होईल असं कुणी म्हटलं की ती चिडायची. "औषध डॉक्टरांचं. माझ्याकडे आहे ते भीतीवरचं." आणि तेही रोज लागू पडायचं असं नाही. शेवटच्या महिन्यात एका दुपारी म्हणाली, "आज नाही जमत गो. खूप भीती वाटते..." मी तिच्या पोटावर हात ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्यासाठी आकडे मोजले. एक, दोन, तीन... डोळे न उघडता म्हणाली, "सावकाश. ट्रंक कॉल आहे काय?" आम्ही दोघी हसलो आणि त्या हसण्यातच तिचा श्वास लांब सुटला.

तर त्या बाईंना माझं उत्तर हे. विमल मरणार नाही, असं विमलने कधीच म्हटलं नव्हतं. पण माझी नोकरी राहिली, विक्रोळीच्या आजी राहिल्या आणि एका कारकुनी मेमोपुढे ताठ उभं राहायचं कसं, ते नऊ जणींनी पाहिलं. मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसत होते, हे मी कुणालाही मान वर करून सांगेन.

गेल्या गुरुवारी संध्याकाळी तिच्या घरी गेले. सून मीना शाळेत शिकवून येऊन एकटीच असेल, जरा सोबत होईल, म्हणून. नोकरी सोडल्यापासून विमल दर गुरुवारी पुढच्या खोलीत शेजारच्या बायकांना घेऊन बसायची, हे माझ्या लक्षातच नव्हतं. दाराबाहेर चपलांची ही गर्दी. आता आणखी काय झालं, म्हणून मी घाईने पुढे झाले. दार लोटलं, तर पलंग भिंतीला उभा केलेला, जमिनीवर बायका डोळे मिटून पडलेल्या आणि मीना समोर बसून मोजत होती. मध्येच आकडा चुकली, पुन्हा एकपासून सुरू केलं. मला पाहिलं तरी थांबली नाही. दाराजवळच्या एक आजी सरकल्या. मी पर्स खाली ठेवली आणि झाली तेवढ्या जागेत आडवी झाले.