पाण्यात न दिसलेले शिखर

आमच्या छायाचित्र मंडळात त्यांना सगळे लिफ्टकाका म्हणत. जुन्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणे हा त्यांचा धंदा. वंगणाचा काळेपणा बोटांच्या पेरांत कायमचा बसलेला. कॅमेरा हातात घेण्यापूर्वी ते रुमालाला हात पुसत आणि मग रुमालाकडेच संशयाने पाहत.

दर रविवारी सकाळी आम्ही दहा-बारा जण फ्रेमवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत जमत असू. खाली सरस आणि भुशाचा वास, वर भिंतीला चिमट्यांनी अडकवलेली पांढरी चादर आणि तिच्यावर प्रोजेक्टरने पाडलेले, एकेकाने टिपलेले डोंगर, झाडे, ढग. प्रत्येक फोटोवर सर्वांनी बोलायचे, असा शिरस्ता होता. बहुतेकांचे बोलणे म्हणजे स्वतःच्या ज्ञानाची पालखी. काका मात्र मत देण्याआधी विचारत, "उभे कुठे होतात?"

"काका, दाढेचा एक्स-रे दाखवला तरी तुम्ही हेच विचाराल," मंडळातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई एकदा म्हणाल्या.

"विचारेन की. गालाकडून काढलाय की जिभेकडून, हे कळायला नको?"

उत्तर ऐकले की ते त्या जागी मनाने उभे राहत. मग सांगत, "दोन पावलं डावीकडे सरकला असतात तर ही तार गेली असती. पुन्हा जा. दगड कुठे पळून जात नाहीत." मी मंडळात नवखा असताना माझा ओढ्याचा एक अंधूक, तिरका फोटो त्यांनी असाच सरळ करून दिला होता. कोणाला कमीपणा वाटू न देता चूक दाखवणे हे त्यांच्याइतके कोणालाच साधत नसे.

अकरा वर्षांत त्यांचा एकही फोटो वार्षिक प्रदर्शनासाठी निवडला गेला नव्हता. त्या वर्षी त्यांनी एका तलावाचा फोटो आणला. पलीकडच्या काठावर बुटका, काळसर डोंगर आणि त्याच्या खांद्यावरून डोकावणारे, दूरचे, फिकट शिखर. खाली काचेसारखे पाणी. फ्रेमवाला म्हणाला, "काका, यंदा भिंत तुमची."

निवड करणारे आम्ही तिघे होतो : फ्रेमवाला, डॉक्टरीणबाई आणि मी. दोन फोटो जोडून केलेले चित्र बाद, हा आमचा नियम. मी चादरीजवळ गेलो आणि पाण्यातल्या प्रतिबिंबावर बोट ठेवले.

"काका, हे शिखर वर आहे, पाण्यात नाही. हा जोडलेला फोटो आहे."

ते उठून चादरीच्या अगदी जवळ आले. "मी नाही हो जोडलेला."

"मग शिखर काय पाण्यात बुडालं?"

सगळे हसले. मीही हसलो. ज्या माणसाने आम्हा प्रत्येकाला कुठे उभे होतात म्हणून विचारले, त्याला तेवढे विचारण्याचे सौजन्य मी दाखवले नाही. डॉक्टरीणबाई जरा घुटमळल्या, पण नियम तो नियम. फोटो बाद झाला आणि त्याची जागा यादीतल्या पुढच्या फोटोला मिळाली. तो माझा होता. हे मला आधी सुचले नव्हते, असे म्हणायला मी धजावत नाही. यादी माझ्याच वहीत होती.

प्रदर्शनाला काका काकूंना घेऊन आले. "तुमचा कुठला?" काकूंनी विचारले. "यंदा नाही बसला," एवढेच ते म्हणाले. मग माझ्या फोटोसमोर थांबले. "पाणी छान धरलंय. उजवीकडचं झाड थोडं आत घ्यायला हवं होतं, कडेला गुदमरतंय." ते म्हणत होते ते बरोबर होते. मी मान डोलावली.

त्यानंतर महिनाभराने, कार्यालयाच्या आवारात गाड्या धुतल्याचे पाणी साचले होते. समोर पहारेकऱ्याची चौकी, तिच्यामागे दूरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी. सहज खाली पाहिले तर पाण्यात चौकी होती, टाकी नव्हती. वर पाहिले, टाकी जागच्या जागी. मी उकिडवा बसलो. डोळे पाण्याजवळ नेताच टाकी वरही चौकीआड गेली. प्रतिबिंबातले दृश्य जणू पाण्याच्या खालून पाहिलेले असते. उंचावरून आपल्याला जे दिसते, ते तिथून पुढच्या वस्तूआड जाते. काकांचे शिखरही पाण्यात असेच डोंगराआड गेले होते. प्रकाशशास्त्रात मला चांगले गुण होते. लहानपणी गावच्या विहिरीत वाकून पाहण्यात तर निम्मा दिवस जाई.

"काही पडलं का साहेब?" पहारेकऱ्याने विचारले.

"नाही," मी म्हणालो. उठताना गुडघ्यांपेक्षा मानच जड झाली होती.

काका एका सहा मजली इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मोटरीच्या खोलीत भेटले. मी सगळे सांगितले. त्यांनी पाना खाली ठेवला नाही.

"मी परत गेलो होतो तिथे. दोन बस बदलून," ते म्हणाले.

"कशाला?"

"तुम्ही शिकलेली माणसं. म्हटलं, आपल्याच हातून काही झालं असेल. त्याच उंच खडकावर उभा राहिलो. शिखर होतं, आणि पाण्यात नव्हतं."

स्वतः काढलेल्या फोटोवर त्या माणसाला संशय घ्यायला मी लावले होते. आधीच्या शरमेपेक्षा ही शरम निराळी होती. "मग मंडळात का नाही बोललात?"

"लोक हसल्यावर बोललं की रडगाणं होतं." त्यांनी एक बोल्ट आवळला. "आणि मला इथे काय सांगताय? इथे मी आणि ही मोटर. हसणारे रविवारी भेटतात."

रविवारी मी चादरीसमोर उभा राहून सांगितले. यादीचेही सांगितले. कोणी हसले नाही. डॉक्टरीणबाई चष्मा पुसत राहिल्या. निवड समितीतून मी बाहेर पडलो, तेव्हा कोणी थांबवले नाही, हेही योग्यच झाले.

काका आजही येतात, दुसऱ्यांच्या फोटोंवर पूर्वीच्याच आपुलकीने बोलतात. पुढच्या प्रदर्शनासाठी फ्रेमवाल्याने तलावाचा फोटो मागितला. म्हणाला, "काका, मी स्वतः फ्रेम करतो, हवी ती पट्टी निवडा."

"नको रे. आता तो लावला की लोक आधी पाण्यात शिखर शोधणार," काका म्हणाले. "मला तलाव दाखवायचा होता."