नानांचं पाणी

नर्सिंगच्या पुस्तकात काम सोपवण्यावर एक अख्खा धडा आहे. कोणतं काम, कुणाला, कसं समजावून द्यायचं आणि नंतर मागे कोण बघणार, सगळं त्यात आहे. धडा चांगला आहे. फक्त लिहिणाऱ्याने रुग्णाजवळ नर्स, मदतनीस आणि डॉक्टर एवढीच माणसं धरली आहेत. धुळ्यात आमच्या दवाखान्यात खाटेपाशी याखेरीज सून, साडू, चुलत भाऊ आणि गावाहून सहज आलेला एक माणूस असतो. सर्वांत जास्त सूचना हा सहज आलेला माणूसच देतो.

मी दीपनगरच्या कॉलनीत वाढले. वडील वीजकेंद्रात होते. तिथे कोणत्या यंत्राला कुणी हात लावायचा हे ठरलेलं असे आणि बाकीच्यांनी लांब उभं राहायचं असे. वॉर्डात आल्यावर कळलं की सलाईनच्या चाकाला हात लावायचा अधिकार सगळ्या नातेवाइकांना जन्मतःच मिळालेला आहे. एकाने तर शेवटची बस मिळावी म्हणून भावाची सलाईन नळासारखी सोडली होती. मी नेमकी तिथून चालले होते, म्हणून भाऊ वाचला आणि याची बस चुकली. तो माझ्यावर रागावला.

तेव्हा इन्चार्ज झाल्यापासून मी नव्या मुलींना एकच सांगत आलेय: काम देता येतं, जबाबदारी देता येत नाही. मावशींना अंग पुसायला सांगा, पण पाठीवर लाली आली आहे का, ते स्वतः बघा. घरच्यांना भरवायला सांगा, पण पहिला घास तुमच्या डोळ्यांदेखत जाऊ द्या. मुली मान डोलावतात आणि माझी पाठ वळली की मला खडूस म्हणतात. म्हणू देत.

नाना आले ते सोनगीरजवळच्या एका खेड्यातून. गावचे माजी सरपंच. पाय सुजलेले, उताणं झोपलं की धाप लागायची. हृदयाचं पंपिंग बरंच कमी झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, दिवसभरात एक लिटर, त्यावर एक घोटही नाही. पाणी, चहा, वरण, गोळीबरोबरचं पाणी, सगळं त्या एका लिटरमध्ये. जास्त गेलं तर ते छातीत साठणार आणि माणूस कोरड्या खाटेवर बुडणार.

दिवसभर नानांजवळ त्यांची सून असे. तिशीतली, कमी बोलणारी, डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणारी. पाण्याचं काम तिच्याकडे दिलं. तिने लिटरची बाटली आणली, तिच्यावर पेनाने रेघा मारल्या. मी तिला विचारलं, काय समजलं ते मला सांग. तिने जसंच्या तसं सांगितलं, वर विचारलं की मोसंबी पाण्यात धरायची का. वीस वर्षांत असा प्रश्न मला एकाही नातेवाइकाने विचारला नव्हता. मी खूश झाले. पुस्तकातला धडा चारी अंगांनी पाळला गेला होता.

आणि नानांचं वजन रोज सकाळी वाढत होतं.

डॉक्टरांनी लघवीचं इंजेक्शन वाढवलं. वजन ऐकेना. राउंडला डॉक्टर माझ्याकडे बघत, मी सुनेकडे बघे, सून बाटलीकडे बघे. नाना मात्र सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं सांगत, ''हाई सून माले पानी देत नही. मना जीव लेवाले बठेल शे.'' शेजारच्या खाटांजवळच्या बायका तिच्याकडे बघत. ती खाली मान घालून चादरीचे कोपरे ओढत बसे. मुलगा संध्याकाळी नोकरीवरून येई. तो एकदा म्हणे बापाला तहानेने मारतेस का, आणि वजन कळलं की म्हणे किती पाजतेस. दोन्ही गुन्हे एकाच बाईने एकाच दिवशी कसे केले, हे त्याला कोडं पडत नसे.

एका दुपारी नाना ताडकन उठून बसले. ओठ निळसर, छातीतून घरघर, तोंडाशी फेस. मास्क लावला, इंजेक्शनं दिली, डॉक्टर धावत आले. तासाभराने धाप खाली बसली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, पुन्हा असं झालं तर श्वासाची नळी घालावी लागेल, आणि एकदा नळी घातली की या हृदयावर ती काढता येईल याची मी खात्री देत नाही. बाहेर व्हरांड्यात मुलगा बायकोवर ओरडत होता. मी त्याला सांगितलं की ओरडायचं असेल तर रस्त्यावर जा, इथे आजारी माणसं आहेत. मला त्याचा राग आला होताच, पण त्याहून जास्त काळजी वाटत होती. ही मुलगी खोटं बोलत नाही हे मला दिसत होतं, आणि नाना बुडतायत हेही दिसत होतं.

मग मी दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळी काहीच केलं नाही. नानांच्या शेजारच्या खाटेवर एका आजोबांचं ब्लडप्रेशर मोजत बसले. आजोबा म्हणाले, आत्ताच तर मोजलं. मी म्हटलं, पुन्हा मोजते.

गावाहून रोजच्यासारखी जीप भरून माणसं आली. आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला रिकाम्या हाताने कुणी येत नाही, आणि आणलेलं ठेवूनही कुणी जात नाही. ते आपल्या डोळ्यांसमोर त्याच्या पोटात गेलं पाहिजे. एकाने थर्मासमधला चहा काढला. एकाने शहाळं. चुलत्याच्या घरून मोसंबीचा रस होता. आमच्या हातचा एक घोट घ्या नाना, असा प्रत्येकाचा आग्रह. नानांची अडचण अशी की ते सरपंच राहिलेले. एका भाऊबंदाचा चहा घेतला आणि दुसऱ्याचा रस नाही घेतला, तर पुढच्या निवडणुकीपर्यंत ते गावात पुरलं असतं. म्हणून नाना मोठ्या न्यायाने सगळ्यांचं घेत होते. कुणावर अन्याय होऊ दिला नाही, फक्त हृदयावर झाला.

सून खाटेच्या पायथ्याशी पदर आणखी पुढे ओढून उभी होती. एवढं बघून मी भेटीची वेळ संपली म्हणून जाहीर केलं. जीप गेली तशी मी तिला बाहेर नेलं आणि विचारलं, हे तू मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, ''मोठ्या मानसासनं गाऱ्हानं कसं करू?'' आणि मग उरलेलंही सांगितलं. पाहुण्यांनी पाजलं ते भरून काढायला ती आपल्या बाटलीतलं कमी करत होती. म्हणजे रस गावाच्या हातचा, आणि तहान तेवढी सुनेच्या हातची. नाना तिला शिव्या देत होते ते यामुळे. तिने ते सगळं मुकाट्याने घेतलं होतं.

आम्ही तिला पाणी मोजायचं काम दिलं होतं. नाही म्हणायचा अधिकार दिला नव्हता, आणि तो नसताना ते काम होण्यासारखंच नव्हतं.

पाहुणे बंद करणं शक्य नव्हतं. वॉचमनच त्यांच्या गावाकडचा होता, तो त्यांना जिना दाखवायला वर येई. मी मुलाला आणि नानांना समोरासमोर सांगितलं: या खाटेवर तोंडात जे जाईल ते हिच्याच हातून जाईल. दुसऱ्याने पाजलं तर मी पाजणाऱ्याला नाही, तुम्हाला दोघांना जाब विचारीन. नळी म्हणजे काय, तेही सांगितलं, गोड न करता. नाना छताकडे बघत राहिले. सुनेला म्हटलं, पहिल्यांदा तू बोलशील तेव्हा मी मागे उभी असेन.

दुसऱ्या दिवशी नानांचे थोरले भाऊ आले. घरातले सर्वांत मोठे, सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांनी थर्मास उघडला. मी सलाईनची नळी तपासायला घेतली. त्या नळीत तपासण्यासारखं काही नव्हतं. सून खाटेच्या पायथ्यापासून पुढे आली. मग पदराआडून आवाज आला, ''आबा, नही. नानासले मीच देस.''

आबांनी थर्मास हातात तसाच धरला. ''मना हातना चहा बी चालत नही का?''

''नही,'' ती म्हणाली. दुसरा ‘नही’ पहिल्यापेक्षा थोडा मोठा होता.

आबा माझ्याकडे वळले. मी नळी तपासत होते. शेवटी त्यांनी चहा स्वतःच्या पेल्यात ओतला आणि खिडकीकडे तोंड करून प्यायले. त्या दिवसापासून वजन उतरू लागलं, पायांवरची सूज ओसरली आणि नाना आडवे होऊन झोपू लागले. मला बरं वाटलं. इतकं की एका नव्या मुलीने मला विचारलं, सिस्टर, तुमची तब्येत बरी आहे ना.

घरी सोडायच्या दिवशी मी सुनेला सगळं पुन्हा सांगितलं: लिटरची बाटली, रोजचं वजन, सूज दिसली की लगेच यायचं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, ''सिस्टर, आठे तुम्ही मना मांगे उभ्या ऱ्हातस. घर कोन ऱ्हाई?''

माझा गणवेश सोनगीरच्या पुढे चालत नाही, आणि गावात रोज जीपभर नाही, गल्लीभर माणसं येणार होती. धड्यात इथे काही लिहिलेलं नाही. मी बाटलीचं झाकण उगीच घट्ट करत राहिले.

नाना चप्पल घालत होते. वर न बघता म्हणाले, ''मी शे.''

‘मी आहे’ असं म्हणणारे हेच का ते नाना, म्हणून आम्ही दोघी त्यांच्याकडे बघू लागलो. ते चप्पल घालून उभे राहिले, जरा दम घेतला आणि सुनेकडे पाणी मागितलं. ती नाही म्हणाली.