जाणार कुठे तुम्ही?

पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणारी प्रायमरी निवडणूक तोंडावर आली होती. पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज या गावात आमच्या घरी काही शेजारी जमले होते, आणि आम्हा नाराज मंडळींची समजूत घालायला पक्षाने एक माणूस पाठवला होता. मागच्या निवडणुकीत याच पक्षासाठी मी थंडीत दारोदार फिरले होते. औषधं स्वस्त होतील, असं सांगत सुटले होते. ज्यांना सांगितलं त्यातली एक बाई त्या दिवशी माझ्याच सोफ्यावर बसली होती. ती अजूनही गोळ्या अर्ध्या करून घेत होती.

माझ्या मुलीने त्याला सरळ इंग्रजीत विचारलं, "तुमच्या सरकारकडे बॉम्बला पैसे आहेत, मग यांच्या औषधाला का नाहीत?"

तो हसला. पोह्यांची बशी खाली ठेवत म्हणाला, "तुमचा राग कळतो. पण आमचा माणूस नको, तर समोरच्या पक्षाचा तो दुसरा येईल. जाणार कुठे तुम्ही?"

माझं डोकंच फिरलं. आम्ही नोकरीच्या व्हिसावर होतो तेव्हा माझा मॅनेजर याच सुरात हेच म्हणायचा. तेव्हा गप्प बसावं लागलं होतं. आता मी इथली नागरिक होते.

"म्हणजे आम्हाला द्यायला तुमच्याकडे काही नाही. नुसती भीती घालायला आलात," मी म्हणाले.

नवरा मराठीत पुटपुटला, "अगं, पाहुणा आहे तो."

"पाहुणा कसला? मत मागायला आलाय!"

तो गेल्यावर आमची घरातच जुंपली. मुलगी म्हणाली, ती नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत तिसऱ्या, छोट्या पक्षाला मत देणार. नवरा चिडला. "हे पेनसिल्व्हेनिया आहे. इथे थोडक्या मतांनी सगळं फिरतं. मत वाया घालवू नकोस." दोघांचंही मला पटत होतं, त्यामुळे आणखीच संताप येत होता.

प्रायमरीत मी पक्षनेत्यांच्या पसंतीच्या उमेदवाराविरुद्ध पक्षातूनच उभ्या राहिलेल्या बाईंना मत दिलं. त्या सपाटून हरल्या. नोव्हेंबरमध्ये मात्र मी दात-ओठ खात पक्षाच्या त्याच माणसाला मत दिलं. मुलीने म्हटल्याप्रमाणे तिसऱ्या पक्षाला मत दिलं.

"यू गॉट स्केअर्ड, आई," ती गाडीत म्हणाली.

"हो, घाबरले," मी म्हणाले. "आणि ज्यांनी घाबरवलं, त्यांना मी माफ केलेलं नाही."