फैजपूरच्या रिकाम्या पोर्टवरचा शेजारी

लहानपणी अम्मीने दंडाला बांधलेला ताईत मी शाळेच्या वाटेवर काढून दप्तरात टाकायचे. लाईट गेली तर आधी फ्यूज बघायचा, ही आमच्या इलेक्ट्रिशियन अब्बांची शिकवण. त्यामुळे या सदरातले अनुभव मी आजवर हसतच वाचले. आता माझाच लिहून पाठवतेय... हसायचं तर खुशाल हसा.

मी जळगावच्या एका छोट्या इंटरनेट कंपनीत आहे. ऑफिसात बसून गावोगावचे राऊटर कॉन्फिगर करायचं काम माझं, जागेवर जाऊन ते बसवायचं नानांचं. नाना धुळ्याकडचे, साठीला टेकलेले, बोलणं पक्कं अहिराणी. मला हे काम त्यांनीच शिकवलं आणि ते रोज ऐकवायचेही.

गेल्या मे महिन्यात आम्ही यावल-फैजपूर पट्टा ओएसपीएफवर, म्हणजे राऊटरांनी आपसात वाटा ठरवायच्या पद्धतीवर, आणत होतो. या पद्धतीत प्रत्येक राऊटर दर दहा सेकंदांनी शेजारच्या राऊटरला 'हॅलो' पाठवतो — म्हणजे 'मी आहे'. चाळीस सेकंद हॅलो आला नाही की शेजारी मेला असं धरायचं. 'मेला' हा माझा शब्द नाही, स्क्रीनवरच तसं येतं. आणि दोन्हीकडचे हे आकडे जुळले नाहीत, तर शेजार जमतच नाही.

नानांचा एक नियम होता. राऊटर चालू केला की फोन करून विचारायचं, "शेजारी उना का व, बेटा?" मी "आला" म्हटल्याशिवाय ते जागा सोडायचे नाहीत, मग ऊन असो की पाऊस.

त्या सकाळी यावलला बसवायच्या नव्या राऊटरचा नंबर (शेवटी सात) आणि सेटिंग्ज मी चिठ्ठीवर लिहून दिल्या. उन्हाचा डोक्याला रुमाल बांधा म्हटलं तर म्हणे, "तू तुनं काम कर." खोकं मोटरसायकलला बांधून ते निघाले.

बारा वाजून गेले तरी फोन नाही. सहज वहीतली चिठ्ठीची नक्कल पाहिली. हॅलोच्या दहा सेकंदांच्या जागी मी तीस लिहिलं होतं! आता शेजार जमणार नाही, आणि हा हट्टी माणूस चूक शोधत उन्हात वायरी तपासत बसणार. पाच वेळा फोन लावला. उचलला नाही.

तेवढ्यात फैजपूरच्या राऊटरवर शेजारी दिसला. नंबर शेवटी सात, स्टेट फुल — म्हणजे शेजार पूर्ण जमलेला. आकडे चुकलेले असताना! शिवाय तो यावलच्या पोर्टवर नव्हताच. होता एका रिकाम्या पोर्टवर. त्या पोर्टची फायबर फैजपूरच्या पुढे एका केळीच्या बागेत, विहिरीजवळच्या डब्यात नुसती गुंडाळून ठेवलेली होती. त्या डब्यात वीजसुद्धा नाही.

मला आधी रागच आला. यावल सोडून हे तिथे काय करतायत? बागेच्या मालकांना, आबांना फोन लावला.

"विहिरीकडं? या उन्हात कोन येनार तठी?"

"बघून या ना आबा. फोन चालू ठेवा."

"बरं, जातो माय."

आबांच्या चपलांचा आवाज येत होता. स्क्रीनवर शेजाऱ्याचे सेकंद उतरत होते. चाळीस... एकतीस... हॅलो आला, परत चाळीस. मीही सोबत मोजत होते. का, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

"अवं, मोटरसायकल पडेल हाये अठी!" आबा पळायला लागल्याचं कळलं. "नाना! ओ नाना! कपाळ तं तवा झालंय यायचं!"

आणि त्या क्षणापासून हॅलो यायचा थांबला. तीस. वीस. दहा. शून्य. शेजारी मेला.

मी ऑफिसात मोठ्याने ओरडले. माझ्या मनाने नानांना पुरून टाकलं होतं... मग फोनमधून आबांचा आवाज आला, "श्वास चालू हाये माय, पानी मारतो, गाडी बोलावतो."

उष्माघात होता. आणखी अर्धा तास उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. नवा राऊटर मोटरसायकलला बांधलेला होता. खोक्याची चिकटपट्टी कारखान्यातून आली तशीच. डब्यातली फायबर गुंडाळलेलीच.

चौथ्या दिवशी मी दवाखान्यात विचारलं, "नाना, काही आठवतं?"

"आधी फैजपूरनं टोक दखाले गयंतू. आंग गरगरनं, सावलीले बागमा वळनू. मंग नुस्त्या हाका मारी ऱ्हायंतू — मी आठे शे, मी आठे शे..." म्हणजे 'मी इथे आहे'. "कोनी तरी कपायवर हात ठेवा, मंग गप ऱ्हायनू."

मी त्यांना स्क्रीनबद्दल काही सांगितलं नाही. चिठ्ठीतल्या चुकीबद्दल मात्र सांगितलं, आणि आजारी माणसाच्या शिव्या खाल्ल्या.

कंपनीतल्या मोठ्या इंजिनिअरला त्या दुपारच्या नोंदींचा लॉग दाखवला. तो म्हणाला, सॉफ्टवेअरचा बग असेल. असेलही. कोणता, ते त्याला सांगता आलं नाही आणि मलाही सापडलेला नाही. तो पोर्ट बंद करायला हवा, पण माझा हात होत नाही.

नाना आता धुळ्याला घरीच असतात. रोज सकाळी न चुकता फोन करतात, "मी आठे शे, बेटा." एखाद्या दिवशी उशीर झाला की मीच लावते. रिंग वाजत राहते, आणि माझ्याही नकळत मी मोजायला लागते... चाळीस, एकोणचाळीस, अडतीस...